इंग्लंडच्या सीमा आयोगाची सेवा, कॉर्नवॉलच्या नकाशावर पारखलेली

मतदारसंघांच्या सीमा आखणे ही सार्वजनिक सेवा आहे आणि इतर कोणत्याही सार्वजनिक सेवेप्रमाणे तिचेही परीक्षण व्हायला हवे, असे माझे ठाम मत आहे. इंग्लंडमध्ये हे काम इंग्लंडचा सीमा आयोग करतो. त्याचे अहवाल, नकाशे, नागरिकांच्या हरकती-सूचना आणि जनसुनावण्यांची इतिवृत्ते कोणालाही विनामूल्य वाचता येतात. त्यासाठी त्या देशाचा मतदार असण्याचीही अट नाही. अशा सेवेचा खरा कस अवघड कामातच लागतो, म्हणून या परीक्षणासाठी मी कॉर्नवॉल ही एकच काउंटी निवडली. नैऋत्य टोकावरच्या या काउंटीला तीन बाजूंनी समुद्र आहे आणि पूर्वेला, उत्तरेचा थोडासा भाग सोडला, तर टेमर नदी तिला डेव्हनपासून वेगळी करते. नकाशा आखणाऱ्याला येथे शेजारच्या काउंटीकडून चार गावे घेऊन आकडा जुळवण्याची मुभा जवळजवळ नाही. शिवाय मतदारसंघांच्या इतिहासात कॉर्नवॉलइतकी विलक्षण काउंटी इंग्लंडमध्ये दुसरी सापडणे कठीण आहे.

आयोगाच्या अहवालांत हा जुना इतिहास जवळजवळ येत नाही आणि माझी मुख्य तक्रार त्याबद्दलच आहे. त्यामुळे तो येथे थोडक्यात मांडणे भाग आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कॉर्नवॉलमधून पार्लमेंटवर ४४ सदस्य जात होते. त्यांपैकी दोन संपूर्ण काउंटीचे आणि उरलेले ४२ एकवीस बरोंचे, म्हणजे सनदेने प्रतिनिधित्व मिळालेल्या गावांचे, प्रत्येकी दोन असे होते. त्याच वेळी साऱ्या स्कॉटलंडचे सदस्य होते ४५. या बरोंपैकी बहुतेकांना प्रतिनिधित्व मिळाले ते ट्यूडर राजवटीत, आणि त्यातली कित्येक गावे तेव्हाही लहान होती व पुढे आणखी रोडावली. टिंटॅजलजवळची बॉसिनी ही वस्ती त्यातलीच. फ्रान्सिस ड्रेक हा नामांकित दर्यावर्दी १५८४ मध्ये तिचा सदस्य होता. ईस्ट लू आणि वेस्ट लू ही एकाच नदीच्या दोन काठांवरची समोरासमोरची गावे, पण सदस्य दोघांचे वेगवेगळे, एकूण चार.

मराठी वाचकाने क्षणभर थांबावे असे गाव म्हणजे मिचेल. दोन पॅरिशांच्या, म्हणजे चर्चच्या स्थानिक हद्दींच्या, सीमेवर वसलेल्या या खेड्यातून १७५४ मध्ये रॉबर्ट क्लाइव्ह निवडून आला. त्या निवडणुकीविरुद्ध अर्ज झाला आणि पुढच्याच वर्षी त्याची निवड रद्द ठरली. त्यानंतर दोनच वर्षांनी प्लासीची लढाई झाली. १८०७ मध्ये याच मिचेलचा सदस्य म्हणून काही काळ आर्थर वेलस्ली बसला. १८०३ मध्ये असईच्या रणांगणावर शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजांशी लढलेला, पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला तो हाच. ज्या खेड्यात मतदार अगदी मोजके होते, त्या खेड्याने हिंदुस्थानच्या इतिहासातली ही दोन माणसे पार्लमेंटमध्ये पाठवली, हे वाचल्यानंतर मतदारसंघाची सीमा ही केवळ स्थानिक बाब राहत नाही.

या रचनेला पहिला तडा गेला तो ग्रॅमपाउंडमध्ये. तेथे मतांची खरेदी इतकी उघड झाली होती, की सर मनासेह लोपेस यांना १८१९ मध्ये लाचखोरीबद्दल दोषी ठरवण्यात आले आणि १८२१ मध्ये त्या बरोचे प्रतिनिधित्वच कायद्याने काढून घेतले गेले. त्या दोन जागा यॉर्कशायरला मिळाल्या. मग आला १८३२ चा सुधारणा कायदा. कॉर्नवॉलच्या उरलेल्या वीस बरोंपैकी तेरा एकाच फटक्यात गेले आणि सदस्यसंख्या ४२ वरून १४ वर आली.

या १८३२ च्या कामाकडे आजच्या सेवेचा पूर्वज म्हणून पाहायला हवे. कोणती गावे वगळायची, हे पहिल्या मसुद्यात १८२१ च्या जनगणनेवरून ठरणार होते. त्यावर इतकी टीका झाली, की शेवटी लष्कराच्या रॉयल इंजिनिअर्स या अभियंता दलातले थॉमस ड्रमंड यांनी घरांची संख्या आणि करभरणा यांची सांगड घालून गावांची क्रमवारी लावली. सोबतीला रॉबर्ट डॉसन यांच्या देखरेखीखाली बरोंचे नकाशे तयार झाले. पेनरिनच्या जोडीला फॅलमथ आले, लॉन्सेस्टनच्या हद्दीत शेजारचे न्यूपोर्ट सामावले गेले. गाव कोणते उरते हे आकडा ठरवतो, पण तो आकडा कोणत्या वर्षाचा आणि कशाचा, हे आधी माणसे ठरवतात. ही अडचण दोनशे वर्षांपूर्वी जितकी जिवंत होती तितकीच आजही आहे, आणि आयोगाच्या अलीकडच्या अहवालांत ती पानोपानी जाणवते.

१८८५ च्या फेररचनेने बहुतेक ठिकाणी एका मतदारसंघाला एकच सदस्य हा नियम आणला. कॉर्नवॉलच्या वाट्याला सहा काउंटी विभाग आणि पेनरिन व फॅलमथ हा एक बरो अशा सात जागा आल्या. तेव्हाच्या आयुक्तांना लोकांचे व्यवसायही विचारात घेण्याची सूचना होती. त्यातूनच कॅम्बोर्न आणि रेडरुथच्या कथील-तांब्याच्या खाणींचा पट्टा एका विभागात आला. तो खाणकामगारांचा विभाग म्हणूनच ओळखला जाई. एकत्र काम करणाऱ्या माणसांचा एक मतदारसंघ असावा, हा विचार मला आजच्या नियमांतल्या कोणत्याही वाक्यापेक्षा अधिक समंजस वाटतो. १९१८ मध्ये सातांचे पाच झाले आणि पुढे नव्वद वर्षांहून अधिक काळ आकडा पाचावरच राहिला. १९५० आणि १९८३ मध्ये नावे व हद्दी बदलल्या. बॉडमिन हे शतकानुशतके चालत आलेले नाव १९८३ मध्ये मतदारसंघांच्या यादीतून नाहीसे झाले. त्या मतदारसंघात फेब्रुवारी १९७४ ची निवडणूक अवघ्या नऊ मतांनी ठरली होती. एखादे खेडे रेषेच्या अलीकडे की पलीकडे, याने काय फरक पडतो असे ज्याला वाटते, त्याने तो निकाल आठवावा.

आता प्रत्यक्ष सेवेकडे वळतो. १९४४ च्या कायद्याने स्थायी सीमा आयोगांची व्यवस्था आली. हाउस ऑफ कॉमन्सचे सभापती हे आयोगाचे पदसिद्ध अध्यक्ष असतात, मात्र ते प्रत्यक्ष कामात भाग घेत नाहीत. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश उपाध्यक्ष म्हणून काम पाहतात आणि त्यांच्या जोडीला दोन सदस्य असतात. राजकीय पक्षांना आपले म्हणणे मांडता येते, पण रेषा त्यांच्या हातात नसते. या बाबतीत आयोगाचे काम निर्मळ आहे.

पाचव्या नियतकालिक फेरआढाव्यात कॉर्नवॉलला सहावी जागा मिळाली आणि २०१० च्या निवडणुकीपासून कॅम्बोर्न व रेडरुथ, नॉर्थ कॉर्नवॉल, सेंट ऑस्टेल व न्यूकी, सेंट आइव्हज, साउथ ईस्ट कॉर्नवॉल आणि ट्रुरो व फॅलमथ असे सहा मतदारसंघ झाले. निर्णय योग्यच होता, परंतु वेळेचा हिशेब पाहिला तर सेवा फार मंद होती. या आढाव्यासाठी मतदारांची गणना धरली होती २००० सालची, अहवाल आला २००६ मध्ये, आदेश निघाला २००७ मध्ये आणि पहिले मतदान झाले २०१० मध्ये. म्हणजे नकाशा वापरात आला तेव्हाच दहा वर्षांचा होता, आणि २०१९ ची निवडणूकही त्याच नकाशावर झाली.

यापुढचा भाग या सेवेची सर्वांत कठीण परीक्षा पाहणारा आहे. तोवरच्या कायद्यात काउंटीची हद्द शक्यतो ओलांडू नये असा नियम होता. २०११ च्या कायद्याने हा क्रम उलटा केला. प्रत्येक मतदारसंघातील मतदारसंख्या राष्ट्रीय सरासरीच्या पाच टक्के वर किंवा खाली, इतक्याच मर्यादेत असली पाहिजे, हा नियम सर्वांत वर गेला. भूगोल, स्थानिक प्रशासनाच्या हद्दी, जुने मतदारसंघ आणि लोकांचे परस्परसंबंध यांचा विचार आयोगाने करावा, पण त्या मर्यादेच्या आत. काही मोजक्या बेटांना सूट मिळाली. आयल ऑफ वाइटला ती मिळाली, कॉर्नवॉलला मिळाली नाही.

त्याचा परिणाम साध्या गुणाकाराने दिसतो. त्या वेळच्या मर्यादेनुसार पाच मतदारसंघांत जास्तीत जास्त सुमारे ४ लाख २ हजार मतदार बसत होते आणि सहा मतदारसंघांसाठी कमीत कमी सुमारे ४ लाख ३७ हजार लागत होते. जवळच्या समुद्रातली सिली बेटे धरूनही कॉर्नवॉलचा आकडा नेमका या दोहोंच्या मधल्या पोकळीत पडत होता. पाच मतदारसंघांसाठी माणसे जास्त, सहांसाठी कमी. सीमा आखणारा कितीही कुशल असला तरी या पोकळीतून वाट काढता येत नाही. टेमर ओलांडणे हा एकच मार्ग उरतो. त्यातून एका मतदारसंघात डेव्हनचे बिडिफर्ड आणि कॉर्नवॉलचे ब्यूड यांना जोडणारा प्रस्ताव आला. लोकांनी त्याला 'डेव्हनवॉल' असे नाव दिले आणि त्याविरुद्ध कॉर्नवॉल अखंड ठेवा अशी मोहीम उभी राहिली. ही टेमर आहे, ॲमेझॉन नव्हे, असे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन म्हणाल्याचे तेथील लोक अजून विसरलेले नाहीत.

मला येथे आयोगाची बाजू घ्यावीशी वाटते. राग आयोगावर निघाला, पण दोष कायद्याचा होता. त्या नियमांत दुसरे उत्तर नव्हते, आणि हे आयोगाने लपवले नाही. आकडे समोर ठेवले, पर्याय कोणते व ते का बसत नाहीत हे लिहिले. कॉर्नवॉलची सीमा अनादिकाळापासून एका इंचानेही हललेली नाही, असा जो दावा भावनेच्या भरात केला जातो, तोही पूर्ण खरा नाही. टेमरच्या पश्चिमेची वेरिंग्टन आणि नॉर्थ पेथरविन ही पॅरिशे १९६६ पर्यंत प्रशासनाच्या दृष्टीने डेव्हनमध्येच होती. तरीही माझी सहानुभूती कॉर्नवॉलच्या लोकांकडे आहे. स्वतःची भाषा असलेल्या, २०१४ मध्ये राष्ट्रीय अल्पसंख्याक म्हणून सरकारने मान्यता दिलेल्या समाजाची हद्द केवळ पाच टक्क्यांच्या नियमासाठी मोडायची आणि आयल ऑफ वाइटसाठी मात्र तोच नियम बाजूला ठेवायचा, यात मला तरी न्याय दिसत नाही.

ही योजना २०१३ मध्ये लांबणीवर पडली. पुढचा अहवाल २०१८ मध्ये आला आणि त्यात पुन्हा बिडिफर्ड, ब्यूड आणि लॉन्सेस्टन असा मतदारसंघ होता, कारण नव्या आकड्यांनीही कॉर्नवॉल तशाच पोकळीत अडकले होते. त्या अहवालासाठी डिसेंबर २०१५ ची मतदारयादी वापरली होती. त्यानंतरच्या सहा महिन्यांत, युरोपीय संघाबाबतच्या सार्वमतापूर्वी, देशभरात सुमारे वीस लाख नावांची यादीत भर पडली. आढाव्याच्या दृष्टीने ती जणू नव्हतीच. ड्रमंड यांच्यासमोरचा जुना प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो. तो अहवाल सरकारने अमलात आणला नाही आणि २०२० च्या कायद्याने तो बाजूला पडला.

२०२३ च्या आढाव्याची सेवा मात्र मनापासून वाखाणण्यासारखी आहे. मूळ प्रस्ताव जून २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर हरकती-सूचनांच्या तीन फेऱ्या झाल्या आणि दुसऱ्या फेरीत जनसुनावण्याही झाल्या. सल्लामसलतीच्या संकेतस्थळावर आपला पोस्टकोड टाकला, की आजची रेषा आणि प्रस्तावित रेषा एकाच नकाशावर दिसत. नकाशावरच्या नेमक्या जागेवर आपले म्हणणे नोंदवता येई आणि पहिल्या फेरीतल्या सगळ्या सूचना दुसऱ्या फेरीत इतरांना वाचून त्यांवर मत देता येई. एखाद्या माणसाने आपल्या खेड्याचा बाजार कुठे, शाळा कुठे आणि बस कोणत्या गावाला जाते हे चार ओळींत लिहिले, तर त्या चार ओळी कायमच्या नोंदीत राहतात आणि आयोगाच्या सहायक आयुक्तांना त्या विचारात घ्याव्या लागतात. १८३२ मध्ये आपले मत असे नोंदवण्याची सोय मिचेलच्या शेतमजुराला नव्हती. मला या सेवेचा हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

कॉर्नवॉलसाठी निकालही समाधानकारक लागला. या आढाव्यात सरासरी होती ७३,३९३ आणि मर्यादा ६९,७२४ ते ७७,०६२. सहा मतदारसंघांना मिळून ४,१८,३४४ ते ४,६२,३७२ मतदार चालणार होते आणि कॉर्नवॉलचा आकडा त्या पट्ट्यात बसला. काउंटीला स्वतंत्रपणे सहा जागा मिळाल्या, सहाही नावे कायम राहिली, टेमर ओलांडावी लागली नाही. अंतर्गत रेषांत फेरफार झाले. काउंटीच्या कौन्सिलचे प्रभागही २०२१ च्या निवडणुकीसाठी नव्याने आखले गेले होते आणि सदस्य १२३ वरून ८७ झाले होते, त्यामुळे जुन्या रेषा नव्या प्रभागांशी जुळवून घ्याव्या लागल्या. ४ जुलै २०२४ ची निवडणूक याच नकाशावर झाली.

तथापि हे समाधान आकड्यांच्या योगायोगावर उभे आहे, आणि अहवाल वाचून एखाद्या नव्या वाचकाला ते कळणार नाही. अहवालात मतदारसंघाचे नाव, त्याचा काउंटी की बरो हा दर्जा, त्यातले प्रभाग आणि प्रत्येकातील मतदारसंख्या ही माहिती अत्यंत नेटकी आहे. दर्जाचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण उमेदवाराची खर्चमर्यादा त्यावर अवलंबून असते. मात्र तुलना होते ती केवळ लगतच्या मागच्या नकाशाशी. १८८५ चा खाण-विभाग आजच्या कॅम्बोर्न व रेडरुथच्या किती जवळ जातो, पेनरिन आणि फॅलमथ १८३२ पासून कोणकोणत्या जोड्यांमध्ये राहिले, लॉन्सेस्टन कधी स्वतंत्र होते आणि कधी नॉर्थ कॉर्नवॉलमध्ये गेले, यातले काहीच तेथे एकत्र मिळत नाही. स्थानिक संबंध हा कायद्याने विचारात घेण्याजोगा मानलेला मुद्दा आहे. मग दोनशे वर्षे एकत्र मतदान केलेल्या गावांचा इतिहास त्या संबंधांचा पुरावा म्हणून समोर का नसावा?

दुसरी उणीव भाषेची आहे. आयोगाचे लेखन अचूक आहे, पण पर्याय का नाकारला याची कारणे अनेकदा इतकी आटोपशीर असतात, की ज्याने तळमळीने लिहून पाठवले त्याला आपले म्हणणे कुठे कमी पडले हे समजणे अवघड जाते. सिली बेटांसारखी, लँड्स एंडपासून सुमारे ४५ किलोमीटर समुद्रात असलेली बेटे सेंट आइव्हजमध्ये आहेत. अशा ठिकाणी प्रतिनिधीला प्रवास किती, मतपेट्या मोजणीसाठी कशा येतात, याचा विचार वाचायला मिळाला तर अहवाल जिवंत होतील.

ज्यांना ही सेवा वापरून पाहायची आहे त्यांनी सुरुवात २०२३ च्या अहवालापासून करू नये. आधी २०१८ चा अहवाल काढावा, त्यात नैऋत्य विभागाचे प्रकरण उघडावे आणि कॉर्नवॉलची मतदारसंख्या स्वतः कागदावर पाच व सहाने भागून पाहावी. आयोगाचे हात कुठे बांधले होते हे त्या एका भागाकारात दिसते. त्यानंतर नागरिकांच्या सूचना वाचाव्यात आणि शेवटी २०२३ चा निकाल. निवडणुकांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना तर मी ही सेवा आग्रहाने सुचवेन. सीमा आखणीचे इतके सविस्तर आणि इतके खुले दप्तर फार थोड्या ठिकाणी मिळते.

पुढचा अहवाल १ ऑक्टोबर २०३१ पूर्वी यायचा आहे आणि त्यानंतर दर आठ वर्षांनी. २०२० च्या कायद्यानंतर आयोगाच्या शिफारशी पार्लमेंटच्या मंजुरीसाठी थांबत नाहीत, त्या आपोआप आदेशात उतरतात. म्हणजे २०१३ किंवा २०१८ प्रमाणे नकोसा नकाशा राजकारणात अडकून पडेल, ही शक्यता आता उरलेली नाही. तेव्हा कॉर्नवॉलचा आकडा पुन्हा त्या पोकळीत गेला, तर हद्द ओलांडण्याचा प्रस्ताव थेट प्रत्यक्षात येईल. पार्लमेंटने आयल ऑफ वाइटप्रमाणे कॉर्नवॉललाही कायद्यात सूट द्यावी, आणि आयोगाने आपल्या अधिकारात बसणारी गोष्ट, म्हणजे १८३२ पासूनच्या सीमांचे थर दाखवणारा नकाशा, पहिल्या फेरीच्या सूचना मागवण्यापूर्वीच प्रत्येक काउंटीच्या पानावर ठेवावा.